दगडोबांचे तीनशे साठ हत्ती

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बसलाच कुणाचा, तर अशा माणसाशी व्यवहार करताना जपून असा. पण मी दगडी हत्तींची पावलं ऐकली आहेत. एकदोन नाही, चांगली तीनशे साठ हत्तींची. आणि त्या ऐकण्यावरच माझं लग्न जमलं.

परवा दुपारी मी हे बोललो तेव्हा ऐकायला तिघं होती. शेजारचा शिंपी आमच्या ओट्यावर बसून कुणाच्या तरी सदऱ्याला काजं करत होता. आमची ही मटार सोलत होती. आणि नात, ती सकाळीच गावातलं ते जुनं देऊळ बघून आली होती, फोनवरचे फोटो दाखवत होती. छत, खांब, नर्तकी, कळस, पुन्हा छत.

"आणि हत्ती?" मी विचारलं.

"कुठले हत्ती, आजोबा?"

"जोत्याला. गुडघ्याएवढ्या उंचीवर, सगळ्या देवळाभोवती रांग आहे. वीतभर उंचीचा एकेक."

"ते नाही काढले. खाली कोण बघतं?"

तिची चूक नाही. सगळे वरच बघतात. माझ्याआधीचे तिघेही वर बघूनच मेले. म्हणजे खरे मेले नाहीत, फक्त जावई व्हायचे राहिले.

तेव्हा माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून मी तिथं बसूनच मोठा झालो. त्या दुकानात एक मुलगी गजराचं घड्याळ घेऊन यायची. एका महिन्यात चारदा. माझ्या हातचं घड्याळ असं कधी परत येत नसे, तेव्हा मी ओळखायचं ते ओळखलं आणि पाचव्या खेपेला ते घड्याळ पोचवायला स्वतःच तिच्या घरी गेलो.

तिचे वडील पाथरवट. त्या देवळाची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याकडे. झिजलेला दगड काढायचा, तसाच दुसरा घडवून बसवायचा, आणि यातला नवा कोणता ते देवालाही कळू द्यायचं नाही. हाताचे तळवे असे, की त्यांवर काडी ओढली तर पेटावी. पाठीमागे लोक त्यांना दगडोबा म्हणत. तोंडावर कुणी काहीच म्हणत नसे.

मी मुलगी मागितली. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"काय घडवतोस तू?"

"घडवत काहीच नाही. बंद पडलेलं चालू करतो."

"उद्या सकाळी देवळात ये."

झालं. माझी पाचावर धारण बसली, कारण उद्या सकाळी काय होणार ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्यांच्या घराण्याची एक रीत होती. काम केवढंही असो, त्यात एक चूक मुद्दाम ठेवायची. बिनचूक काम केलं तर कारागीर माजतो म्हणे. चूक कुठे आहे ते घरातल्यांना माहीत, घराबाहेर कुणी सांगायचं नाही. जावई व्हायचं तर ती ज्यानंत्यानं शोधावी. एकच उत्तर, तेही चुकीवर बोट ठेवून, आणि दुपारी बाराला दार लागायच्या आत.

आधी एक मास्तर आला होता. सकाळभर छताकडे बघून त्याची मान अशी अडकली की पुढे वर्षभर तो वर्गात पंख्याला शिकवत होता. मग एक कापडवाला. तो हात जोडून म्हणाला, "मामा, तुमच्या पूर्वजांच्या कामात चूक असूच शकत नाही!" दगडोबा म्हणाले, "म्हणजे तुला डोळेच नाहीत. जा." तिसरा इंजिनियर. त्यानं टेप लावून बेचाळीस चुका काढल्या, त्याही कागदावर लिहून. दगडोबा एवढंच म्हणाले, "आमच्या पणजोबांनी एकच केली होती." आणि छिन्नी घेऊन त्याच्या मागे लागले.

मी सकाळी सातला हजर. बोट चुकलं की मुलगी गेली, एवढंच डोक्यात. डोळ्याला घड्याळाचं भिंग अडकवलं आणि आत शिरलो. काय ते देऊळ! छताला दगडाचं कमळ, पाकळ्या इतक्या पातळ की भुंगे फसायचे, डोकं आपटून खाली पडायचे. झाडणारी रोज सकाळी शेर-दीड शेर भुंगे गोळा करायची.

"दीड शेर?" शिंप्यानं सुई थांबवली.

"बरं, मूठभर. तू काजं कर."

मग खांब बघितले. नर्तकी बघितल्या. एकीच्या पायातले घुंगरू भिंग लावून मोजत होतो, तर मागून दगडोबा खाकरले. घुंगरू तसेच सोडून मी बाहेर आलो आणि हत्तींना लागलो. पहिल्या फेरीत तीनशे साठ भरले. सगळे एकाच्या मागे एक, सोंडा सारख्या, शेपट्या सारख्या. दुसऱ्या फेरीत तीनशे एकसष्ट.

"एक वाढला?" नात म्हणाली.

"ऊन होतं गं. मीही दोन दिसत असेन त्यांना. तिसऱ्या फेरीलाही काही सापडेना. साडेअकरा झाले. दगडोबा दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे. डोळे थकले, तेव्हा म्हटलं, अरे, तू घड्याळजी! घड्याळ बिघडलं की आधी काय करतोस? कानाला लावतोस! मी सरळ गुडघ्यावर बसलो आणि जोत्याला कान लावला. आणि पोरी, काय सांगू, आत हत्ती चालत होते. तीनशे एकोणसाठ एका ठेक्यात. उजवा, डावा, उजवा, डावा. आणि लांब, मागच्या बाजूला, एक पाऊल चुकत होतं. बाकीच्यांचा उजवा पडला की याचा डावा. आवाजाच्या मागे रांगत गेलो, डोळे मिटून, आणि बरोबर त्याच हत्तीच्या डाव्या पायावर बोट—"

"पुरे!" मटाराचं ताट खाली आदळलं. ही म्हणाली, "खोटं! साफ खोटं! पावलं ऐकली म्हणे! अहो, त्या हत्तीसमोर भर उन्हात मी फतकल मारून बसले होते, पायात काटा गेल्याचं सोंग करून. तीन फेऱ्या मारल्यात, तिन्ही वेळा मला वळसा घालून गेलात, हत्ती मोजत! चौथ्यांदा कुठे विचारलंत, फार दुखतंय का म्हणून. मग भिंग लावून माझ्या पायात काटा शोधायला बसलात. नसलेला काटा! मान वर केलीत तेव्हा तो हत्ती तुमच्या नाकासमोर होता, म्हणून त्याचा एकट्याचा डावा पाय पुढे दिसला!"

शिंप्याची सुई बोटात गेली. मी मटाराची एक शेंग उचलली आणि फार काळजीपूर्वक सोलायला घेतली.

"म्हणजे आजी, तू चूक फोडलीस?" नात म्हणाली.

"मी? तोंडातून अक्षर काढलं नाही. घराबाहेर सांगायचं नाही, एवढीच रीत होती. कुठे बसायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि ते मास्तर, कापडवाले, इंजिनियर? तेव्हा कुठे बसली होतीस?"

हिनं ताट पुन्हा मांडीवर ओढलं.

"तेव्हा मी घरात होते. गजराचं घड्याळ बिघडवत."