चपलेला चिकटलेलं लेबल

सुनेचं एक लक्षण मोठ्याबाईंना लग्न झाल्या दिवसापासून खटकत आलं होतं. विचारल्याशिवाय ती बोलायची नाही, आणि विचारलं की हसायची. भांडणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे ते चार शब्दांत कळतं. हसणाऱ्याचं कळायचं कसं? त्यात आता हे नवीन खूळ. दुपारी कारागीर जेवायला गेले की ही मागच्या गोदामात शिरायची, आतून कडी लावायची आणि केस वाळवायचं यंत्र घुर्र घुर्र चालू करायची.

बाहेर यायची तेव्हा वेणी होती तशीच. कोरडी ठणठणीत.

"न्हायलीस वाटतं?" मोठ्याबाईंनी एकदा विचारलं.

"नाही हो, आई," सून म्हणाली. आणि हसली.

पाणी कुठेतरी मुरत होतं.

वर घर आणि खाली कारखाना. कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या, मागे गोदाम, आणि टेबलांवर तारांची भेंडोळी. तिथे रात्रीचे दिवे बनत. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचे, लहान मुलांच्या खोलीत मंद तेवत राहायचे. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले होते, बाईमाणूस विजेच्या धंद्यात काय करणार. बाईमाणसाने धंदा करून दाखवला, आणि लोकांच्या घरी तेच दिवे जळत राहिले.

प्रत्येक दिव्याच्या पाठीवर एक चंदेरी लेबल असायचं. किती व्होल्ट, किती वॅट, कारखान्याचं नाव, पत्ता, आणि कोपऱ्यात तपासणीत पास झाल्याची खूण. ती खूण नसेल तर दुकानदार माल दारात उभा करत नाही. आणि खोटी लावलेली सापडली तर कारखान्याला टाळं. म्हणून लेबलांचं रीळ मोठ्याबाई पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या आणि पेटीवर उशी टाकून स्वतः वर बसायच्या. कारागीर मागे म्हणत, अंड्यावर कोंबडी बसलीय. म्हणेनात का. त्यांना सगळी अक्षरं वाचता येत नव्हती, पण लेबल लावायचं ते त्यांच्याच हातानं, अंगठ्याने चेपून. दुसऱ्याचा हात त्याला लागत नसे.

एके सकाळी जिन्यापाशी सुनेची चप्पल उलटी पडलेली दिसली. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, म्हणून मोठ्याबाई ती सुलटी करायला वाकल्या, तर तळाला काहीतरी चकाकलं.

लेबल. अखंड. नाव, पत्ता, खूण, सगळं पायाखाली!

त्यांनी ते नखाने सोडवलं आणि तिथेच पायरीवर बसून विचार केला. पेटीतलं रीळ कुणी कमी केलं नव्हतं, ते त्यांच्या बुडाखालीच होतं. म्हणजे हे दिव्याला लागलेलं लेबल कुणीतरी काढलेलं. आणि त्यांच्या अंगठ्याने चेपलेलं लेबल सहजी निघत नाही, चिंध्या होतात. अखंड काढायचं तर आधी गरम वारा हवा.

घुर्र घुर्र.

मग उरलेलं कोडं सोपं होतं. सुनेच्या भावाचं चार्जर-बॅटऱ्यांचं दुकान. बहीण खूण सोडवून देते, भाऊ आपल्या रद्दी मालाला डकवतो. उद्या त्याचा एखादा चार्जर पेटला की पोलीस पत्ता वाचणार तो मोठ्याबाईंचा. नाकाने कांदे सोलणारी सून हाताने घराण्याचं नाव सोलत होती.

रात्री जेवताना त्यांनी मुलाला खडा टाकून पाहिला. "तुझा मेहुणा हल्ली काय विकतो रे?"

"नेहमीचंच. का?"

"खुणेचा माल असतो का त्याचा?"

"मला काय माहीत! तुला ना आई, स्वतःच्या सावलीचाही संशय येतो."

"सावली कडी लावून बसत नाही."

एरवी ताटावर अखंड बडबडणारा मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. मोठ्याबाईंनी तेही टिपलं. सून वाढत होती. हसत होती.

दुसऱ्या दिवशी गोल दिव्यांचा पहिला माल जायचा होता. गोल दिवा ही मोठ्याबाईंचीच कल्पना. इतकी वर्षं कारखान्यात चौकोनी दिवे बनत, काडेपेटीसारखे. त्यांनी हट्टाने चंद्रासारखा गोल साचा करून घेतला, पातळ, दुधी, नव्या माणसाकडून स्वस्तातलं प्लास्टिक आणून. एका बड्या व्यापाऱ्याने एका नजरेत पसंत केला. टेम्पो दुपारी येणार होता.

आणि सकाळीच मागच्या गल्लीत सुनेच्या भावाची स्कूटर थांबली. सुनेने गोदामातून एक खोका आणून त्याच्या पायाशी ठेवला. मोठ्याबाई गुडघ्यांना शिव्या घालत जिना उतरल्या.

"थांबा, पाहुणे! चहा न घेता पळायचं हे कुठलं वळण?"

भाऊ दचकला. "नाही मावशी, जरा घाई..."

"मी कुणाची मावशी नाही. खोका उघड."

खोक्यात गोल दिवे होते. एकाच्याही पाठीवर लेबल नव्हतं, नुसते डिंकाचे चौकोनी डाग.

"दिवे उघडेबोडके. मग यांचे कपडे कुठे गेले?" मोठ्याबाई सुनेकडे वळल्या. "बोल, माझी लेबलं कितीला विकलीस?"

"विकली नाहीत," सून म्हणाली. "केरात टाकली."

"केरात! माझं नाव केरात?"

सून पहिल्यांदाच हसली नाही. "आई, ती खूण चौकोनी दिव्याला मिळाली होती. या गोल दिव्याची तपासणी झालेलीच नाही. आतली जोडणी वेगळी, प्लास्टिक वेगळं. दादाच्या दुकानापलीकडे प्रयोगशाळा आहे, तिथे तो हे नेऊन देतोय."

"मला शिकवू नकोस. खूण माझ्या नावावर मिळालीय, घराला मिळालीय. घरात नवं पोर जन्मलं की दरवेळी नवीन आडनाव आणायला जातो का आपण?"

"आडनाव घराचं असतं, आई. लस नसते. ती प्रत्येक पोराला वेगळी टोचावी लागते. थोरल्याला टोचली म्हणून धाकट्याचा ताप टळत नाही."

मोठ्याबाईंनी सुनेला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ही पोरगी इतकं बोलते?

"या," सून म्हणाली, आणि त्यांना गोदामात घेऊन गेली.

भिंतीवर एक गोल दिवा जळत होता. "कालपासून लावून ठेवलाय," ती म्हणाली आणि बटण बंद करून तो काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. मोठ्याबाईंनी बोट टेकवलं तर पाठ आत दबली, मऊ मेणासारखी. जळका वास होता. लेबलाच्या कडा वळल्या होत्या, पण खूण तशीच चकाकत होती, त्यांच्याच अंगठ्याने चेपलेली. हा दिवा कुणाच्या तरी पाळण्याशेजारी जळणार होता.

मुलगा दारात आला. "टेम्पो लवकर आलाय. माल काढू ना?" मग त्याला आईच्या हातातला दिवा दिसला.

"तुला ठाऊक होतं?"

"हिने सांगितलं होतं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मी म्हटलं, आईला सांगायची छाती असेल तर तूच सांग."

"आणि हिला नाही झाली?"

"मागे मी दिव्यांच्या डब्यांच्या रंगाबद्दल बोलले, तर तुम्ही अन्न सोडलंत," सून म्हणाली. "म्हटलं, सगळ्या मालाचीच लेबलं काढावीत. बिनलेबलाचा माल टेम्पोवाला भरणारच नाही. पण एकटीच्या हातून कितीसं होणार?"

मोठ्याबाई पुढच्या दारी गेल्या. "टेम्पो परत ने. माल जायचा नाही."

"बाई, शेठ ओरडतील!"

"ओरडू दे. सांग, मोठ्याबाईंनी अडवला. माझं नाव घे, दुसऱ्या कुणाचं घेऊ नकोस."

"आई, इतकी मोठी ऑर्डर..." मुलगा कुरकुरला.

"घाबरू नकोस, तुला गिळायला मिळेल."

मग मागच्या गल्लीत जाऊन त्यांनी तो मऊ दिवा खोक्यात टाकला. "पाहुणे, हाही न्या. वाकडं पोर लपवून चांगली तेवढी दाखवायची नसतात. आणि पुढच्या खेपेला पुढच्या दाराने या, चहा मिळेल."

स्कूटर गेली. मोठ्याबाई आपल्या पेटीवर येऊन बसल्या, उशी सारखी केली, आणि सुनेला समोर उभं केलं. सुनेचे डोळे भरले होते, ओठ मात्र सवयीने हसू लागले होते.

"ऐक. तू चोर नाहीस. पण कडी लावून केलेलं खरं कामही बाहेरून चोरीसारखंच दिसतं. पुढच्या वेळी मला तोंडावर सांग. मी ओरडेन, अन्न सोडेन, तू हवं तर माझ्यासमोर जेव, पण सांग. आणि हसू नकोस! जा, ते केस वाळवायचं यंत्र आण, शेजारणीकडून आणखी एक माग. लेबलं मी लावली, तर काढायलाही मीच बसणार. गोदामाची कडी मात्र आजपासून उघडी राहील."