खुर्चीखालच्या प्लेटा

वीस किलोची दुसरी लोखंडी प्लेट पोटाशी कवटाळून सिद्धूआबा दारापर्यंत आले, तेव्हा त्यांची पाठ पार वाकली होती, गुडघे फाकले होते आणि मान पुढे आली होती. दुसऱ्या कुणी असं वजन उचललं असतं तर आबांनी त्याची सकाळ खराब केली असती. पण साडेपाच वाजले होते आणि जिममध्ये त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी प्लेट आपल्या खुर्चीखाली पहिलीच्या अंगावर सरकवली, खुर्चीवरून घोंगडी अशी सोडली की तिच्या कडा जमिनीला टेकल्या, आणि वर बसून श्वास जागेवर यायची वाट पाहिली.

नेरे गावातली ही जिम त्यांच्या मुलाची, माउलीची. रस्त्याकडेच्या तुकड्यावर त्याने हॉल बांधला, भिंतभर आरसे लावले, मशिनी आणल्या, तेव्हा आबांची मेंढरं अजून होती. मग चरायच्या माळांना एकामागून एक कंपाउंडच्या भिंती आल्या, आणि दोन वर्षांपूर्वी शेवटची साठ मेंढरं विकावी लागली. मेंढरं कोंडायची जाळीची वाघर तेवढी अंगणात उरली. आबा महिनाभर त्या रिकाम्या वाघरीसमोर बसून राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने, अंबाबाईने, माउलीला सांगितलं की ह्यांना तुझ्या दारात बसव, नाहीतर हे बघत बघतच जातील. माउलीने दारात खुर्ची टाकली. येणाऱ्याचं कार्ड बघायचं, एवढंच काम.

एवढंच काम करतील तर ते आबा कसले! पन्नास वर्षं रोज सकाळी वाघरीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी एकेक मेंढरू बाहेर पडताना पाहिलं होतं. मेंढरू दुखणं लपवतं. कळपात असेपर्यंत लंगडत नाही, कण्हत नाही. पण बाहेर पडतानाच्या त्या दोन पावलांत सगळं कळून येतं. ती नजर आता हाफ पँट आणि टी-शर्टातल्या माणसांवर चालू लागली, आणि आबांची जीभ तर नजरेहून तयार. शेखर नावाचा एक दांडगा गडी रोज छाती आणि दंड करायचा, पायांच्या वाटेला जायचाच नाही. त्याला आबांनी भर गर्दीत ऐकवलं की तू वर एडका आणि खाली कोंबडी आहेस. बँकेतली स्वरदा ट्रेडमिलवर चालताना फोनवर बोलायची. ती व्यायाम करत नसून पत्ता शोधतेय, असं त्यांचं मत होतं.

बरं, म्हातारा चुकत असता तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. तो चुकत नव्हता, हीच पंचाईत होती. कंपनीत मॅनेजर असलेल्या निषादला त्यांनी सांगितलं की तुझा उजवा खांदा जाणार, वजन कमी कर. निषाद हसला. पंधरा दिवसांनी तो हात गळ्यात अडकवून आला, आणि आबांनी फक्त भुवया उंचावल्या. त्या भुवया निषादला खांद्यापेक्षा जास्त लागल्या. त्याने घरी जाऊन जिमला इंटरनेटवर एक स्टार दिला आणि खाली लिहिलं की दारातला म्हातारा माणसांचा अपमान करतो.

त्यावरून माउली भडकला. पुन्हा एक तक्रार आली की खुर्ची उचलणार, मग घरी बसायचं, असं त्याने बापाला सरळ बजावलं. आबांना अंगण आठवलं. घर म्हणजे ती रिकामी वाघर. त्यापेक्षा तोंड शिवलेलं परवडलं. तेव्हापासून ते आपली मतं सकाळी नऊपर्यंत दाबून धरू लागले. नऊला अंबाबाईचं जिमची फरशी पुसून व्हायचं, दोघं मागच्या पायरीवर चहाला बसायची, आणि मग आबा एकेकाची हजेरी घ्यायचे. ती ऐकून घ्यायची आणि कप विसळायला उठायची.

जान्हवीच्या बाबतीत मात्र त्यांना बोट ठेवायला जागा सापडत नव्हती. मूळची जालन्याकडची, हिंजवडीत नोकरीला, नवरा मनीषसोबत शेजारच्या जांब्यात भाड्याने राहणारी. डेडलिफ्टचा बार जमिनीवरून उचलताना पाठ सरळ, टाचा रुतलेल्या, तोंडातून हूं का चूं नाही. येत्या रविवारी जिमचा वर्धापनदिन होता, आणि जान्हवी शंभर किलो उचलणार, असं माउलीने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. त्या रविवारची आबाही पोरासारखी वाट बघत होते.

आणि मागच्या शुक्रवारी ती दारात थांबली.

साडेसहाला दारात रोजचीच रेटारेटी असते. आतले बाहेर येतात, बाहेरचे आत घुसतात. जान्हवी एरवी त्यातून खांदा घालून जायची. त्या दिवशी ती बाजूला झाली, बॅग पोटापुढे धरली, सगळ्यांना जाऊ दिलं आणि मग आत गेली. शनिवारी तेच. रविवारी जिम बंद. सोमवारी पुन्हा तेच. तीन दिवसांत आबांना शंका उरली नाही. गाभण मेंढी दारातल्या गर्दीत शिरत नाही. तिला ते कुणी शिकवावं लागत नाही.

मेंढराचं असं कळलं की पुढचं ठरलेलं असतं. आल्यागेल्याला मोठ्याने सांगायचं, म्हणजे पोरं तिच्यामागे धावत नाहीत, कुत्र्यांना आळा बसतो, आणि तिला वेगळं चारायला मिळतं. त्यात लपवायचं काय? आनंदाचीच बातमी. आबांच्या जिभेच्या टोकावर ते आलंही होतं. पण ही परक्याची लेक, आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याने जिमच्या दारात तिला असं काही बोलायचं म्हणजे खुर्ची गेलीच म्हणून समजायचं. न बोलावं तर ती रविवारी शंभर किलो उचलणार. सोमवारी रात्री ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. अंबाबाईने विचारलं, काय होतंय. म्हणाले, कंबर.

मंगळवारी उजाडता उजाडता मार्ग सापडला. बार स्वतः वीस किलोचा, आणि जिममध्ये वीस किलोच्या प्लेटा चारच. त्यातल्या दोन नसल्या की शंभर भरणार कुठून? लहान प्लेटा सकाळच्या गर्दीत कुणी ना कुणी अडकवलेल्याच असतात. अशा रीतीने चाळीस किलो लोखंड घोंगडीखाली गेलं.

त्या सकाळी जान्हवीने प्लेटा शोधल्या, मिळाल्या नाहीत, मग आज साठच, असं म्हणून साठ उचलले आणि ऑफिसला गेली. बुधवारी तेच. आबा स्वतःवर इतके खूश झाले की गुरुवारी त्यांना राहवेना. ती दारात थांबलेली दिसताच त्यांनी काठी आडवी धरून बाकीच्यांना अडवलं आणि तिला पुढे हो म्हणून खूण केली. शेखरने आबांना आता बायकांचा पुळका आलाय म्हणून टोमणा मारला. जान्हवीने एकदा काठीकडे पाहिलं, एकदा घोंगडीकडे, मग आबांच्या तोंडाकडे, आणि आत गेली.

शनिवारी सकाळी सातला, ऐन गर्दीत, माउली काउंटरवरून उठला. उद्याचा कार्यक्रम तोंडावर आलेला, प्लेटा चोरीला गेल्या असं समजून तो तक्रार द्यायच्या बेतात होता. त्याआधी त्याने कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. चोर म्हणून त्यात दिसला तो सख्खा बाप, लोखंड पोटाशी धरून वाकत वाकत चाललेला.

"आबा, उठा."

आबा उठले. माउलीने घोंगडी उचलली. प्लेटा एकीवर एक तशाच होत्या. ट्रेडमिल थांबल्या, आरशातली तोंडं दाराकडे वळली. कुणीतरी हसलं.

"का केलं हे?"

उत्तर आबांकडे होतं, बरोबर होतं, आणि ते दिलं असतं तर माउलीचा राग जागच्या जागी उतरला असता. खुर्ची वाचली असती. जान्हवी आठ-दहा पावलांवर बारपाशी उभी होती. नजर तिकडे वळली तरी लोकांना वास लागेल, म्हणून त्यांनी आपल्या चपलांकडे पाहिलं.

"सुचलं काय तरी," ते म्हणाले. "म्हातारपन हाय."

"मी मागेच सांगितलं होतं. आता घरी जा. उद्यापासून येऊ नका."

माउलीचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. आबांनी घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली. जाता जाता खुर्चीच्या पाठीला हात लागला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि एवढ्या लोकांसमोर भरून आले याचा त्यांना भारी संताप आला.

"माउलीदादा, त्यांना मीच सांगितलं होतं."

जान्हवी बार सोडून पुढे आली होती.

"तुम्ही? कशाला?"

"पाठ धरलीये माझी. तुम्ही फळ्यावर शंभर लिहिलंत, सगळे रोज विचारतात. नाही म्हणायला जीभ रेटेना. आबांना म्हटलं, तेवढ्या दोन प्लेटा लपवा."

माउली तिच्याकडे बघत राहिला, मग बापाकडे. आबा चपलांकडेच बघत होते.

"मॅडम, मला सांगायचं ना," तो शेवटी म्हणाला. "आणि आबा, तुम्हाला तरी तोंड नव्हतं का? एरवी तर..."

त्याने प्लेटा उचलून आत नेल्या, फळ्यावरचं शंभर पुसलं, आणि कोपऱ्यात सरकलेली खुर्ची पायाने ओढून पुन्हा दारात लावली. बसा म्हणाला नाही. आबा आपणहून बसले.

आठच्या सुमाराला जान्हवी निघाली. दारात आता गर्दी नव्हती, तरी ती खुर्चीपाशी थांबून बुटाची नाडी बांधू लागली.

"कसं कळलं तुम्हाला?" तिने मान वर न करता विचारलं.

"दारात थांबलीस."

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "घरात फक्त मनीषला माहीत आहे. मागच्या वेळी आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं, अगदी ऑफिसात पेढे वाटले. मग सगळ्यांना परत सांगावं लागलं. एकेकाला."

आबांना वाघरीच्या तोंडाशी आपण दिलेल्या हाका आठवल्या. पन्नास वर्षं मोठ्याने दिलेल्या. कुठल्या मेंढीला विचारून दिल्या होत्या?

"प्लेटा मंगळवारीच दिसल्या होत्या मला, नाडी बांधताना घोंगडीच्या फटीतून," ती उठत म्हणाली. "डॉक्टरांनी वजन निम्म्यावर आणायला सांगितलंय. कारण काय सांगू ते सुचत नव्हतं. तुम्ही दिलंत."

"सावकाश जा," आबा म्हणाले. आणखी बरंच सांगायचं होतं, साठसुद्धा जास्त होतात हे तर नक्कीच, पण त्यांनी ते गिळलं.

नऊला अंबाबाईने बादली पालथी घातली आणि मागच्या पायरीवर चहा ओतला. सकाळचा तमाशा तिने हातातला पोछा न थांबवता ऐकला होता. तरी तिने नेहमीसारखं विचारलं, आज कोण सापडलं.

"कोन न्हाई," आबा म्हणाले. "समदी बेस हायेत."

"त्या पोरीची पाठ धरलीया म्हनं."

"व्हय. पाठच."

हे बोलताना आबांनी बशीत नको तेवढं लक्ष घातलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी पक्की गोष्ट बायकोपासून लपवली होती, आणि ती त्यांना बऱ्यापैकी जमलीय असं वाटत होतं. अंबाबाईने आपला चहा संपवला.

"मंगळवारपास्नं तुमच्या खुर्चीखाली पोछा घातला न्हाई म्या," ती म्हणाली. "घोंगडी हालली असती. आता घालू का?"

आबांची बशी ओठापाशीच थांबली.

"तुला कवा कळलं?"

"शुक्रवारी. दारात थांबली तवाच." तिने त्यांच्या हातातली बशी काढून घेतली आणि कपांबरोबर विसळायला उठली. "पन्नास वर्सं मेंढरं काय तुमी एकट्यानंच राखली?"