पहिला सेंटिमीटर

मास्तरांना आपल्या साडूचा हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच लपवाछपवी कशाला? आणि हेवाही थोडाथोडका नव्हे. सकाळी दात घासताना सुरू व्हायचा, तो रात्री अंथरुणाला टेकेपर्यंत पाठ सोडायचा नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. बाजाराच्या तोंडाशी दुकान, दोन मशिनं, एक कापायचं टेबल, आणि काजं-बटणं करायला बायको. पण त्यांचा जीव अडकलेला असायचा धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे छोट्या होड्यांवाल्यांचा क्लब होता. दोन माणसं नीट बसतील आणि तिसऱ्याने पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पडेल, अशा बारा होड्या. वर्षातून सहा रविवारी ही मंडळी समुद्रावर जाऊन गळाने मासे धरायची स्पर्धा करत. हे चौदावं वर्ष, आणि पहिल्यापासून स्पर्धा चालवत होते मास्तरच. तारखा त्यांनी ठरवायच्या, आदल्या दिवशी वारा बघून जायचं की नाही ते त्यांनी सांगायचं. स्वतःही गळ टाकायचा, पण सगळ्यांच्या आधी परत येऊन धक्क्यावर उभं राहायचं आणि दोनच्या ठोक्याला सगळ्या होड्या आल्या का ते मोजायचं.

नियम साधे. मासा मारायचा नाही. मोजायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. मोजायला प्रत्येक होडीत एक फळी. फळीच्या टोकाला लाकडी ठोकळा, ठोकळ्यापासून पुढे चिकटवलेली शिंप्याची टेप. माशाचं तोंड ठोकळ्याला टेकवायचं आणि शेपटी जिथे संपेल तो आकडा धरायचा. फोटोत त्या दिवशीची चिंधी दिसलीच पाहिजे. ही चिंधी मास्तर सकाळी सगळ्यांना वाटत, दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाची, दर वेळी नव्या रंगाची, म्हणजे कोणी गेल्या खेपेचा मासा या खेपेला खपवायला नको. प्रत्येक होडीचा दिवसातला सर्वांत लांब मासा तेवढा धरायचा, सहा रविवारांची बेरीज करायची, आणि मोठ्या बेरजेला चषक. सगळ्या फळ्या मास्तरांनी स्वतःच्या हाताने केलेल्या. चषकावरची तेरा वर्षांची तेरा नावंही त्यांनीच कोरून आणलेली. त्यात त्यांचं नाव एकदाही नव्हतं.

त्याचंही त्यांनी कधी फार वाईट वाटून घेतलं नव्हतं. लोक म्हणायचे, मास्तर नसतील तर क्लब नाही, आणि तेवढ्यावर माणूस खूश होता.

मग साडू आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गाडी शिकवण्याची शाळा काढायला म्हणून दोन वर्षांपूर्वी या गावात राहायला आला. वेळ जात नाही म्हणाला, तर मास्तरांनीच त्याला धक्क्यावर नेलं. "हे आमचे साडूभाऊ," अशी ओळख करून दिली, आणि त्या दुपारपासून तो अख्ख्या क्लबचा साडू झाला. पंक्चरवाला त्याला साडू म्हणे. दातांचे डॉक्टर साडू म्हणत. क्लबच्या अध्यक्षबाई, म्हणजे औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई, त्यासुद्धा 'आमचे साडू' म्हणू लागल्या. आता सांगा, बायको मास्तरांची, मेहुणी मास्तरांची, आणि साडू मात्र सगळ्या गावाचा.

बरं, पहिल्याच वर्षी त्याने चषक नेला. होडी जुनी, इंजिन त्याहून जुनं, आणि मासे कसे याच्याच गळाला लागत कोण जाणे. जिंकला तरी शेखी मिरवायचा नाही, हे तर आणखीच वाईट. कोणाचं इंजिन बंद पडलं की हा आपला गळ गुंडाळून दोरी टाकायला हजर. धक्क्यावर परत आल्यावर सगळे त्याच्या होडीभोवती जमायचे, आणि मास्तर वही घेऊन एकटे बाकड्यावर. साडू तयार शर्ट घालायचा, खांद्यावर ढगळ, बाही बोटभर लांब. असा शर्ट मास्तरांना बघवत नसे. आणि त्या ढगळ शर्टातही माणूस चारचौघांत उठून दिसतो, हे तर मुळीच बघवत नसे. मास्तर साडूला पाण्यात पाहत होते म्हणतात ना, तर वर्षातून सहा रविवार ते त्याला खरोखरच पाण्यात पाहत होते.

घरी बायको मीठ चोळायला होतीच. "भाऊजी कसे सगळ्यांत मिसळतात," ती म्हणायची. "नाहीतर तुम्ही. सदा कपाळाला आठ्या."

"मी काम करतो तिथे. तो मजा करायला येतो," मास्तर म्हणायचे.

"मग तुम्हीही करा की मजा. कोणी अडवलंय?"

यावर मास्तर मशीन जोरात चालवायचे.

या वर्षी मात्र नशीब फिरलं. पहिल्या दोन्ही रविवारी मास्तरांना चांगले मासे लागले. तिसऱ्या रविवारी एक प्रकार घडला, तो लक्षात ठेवा. लाटेने साडूची फळी होडीतून उडाली आणि बुडाली. नियम असा, की जवळच्या होडीने आपली फळी द्यायची. जवळची होडी होती मास्तरांची. त्यांनी नाइलाजाने फळी दिली. साडूने मासा मोजला, फोटो काढला, फळी धुऊन परत केली. दुपारी मास्तरांच्या फोनवर त्याचा फोटो आला, खाली लिहिलेलं, '५७ धरा, मास्तर.'

मास्तरांनी फोटो मोठा करून पाहिला. शेपटी स्वच्छ अठ्ठावन्नावर होती. सगळ्यांचे फोटो वाचायचं काम मास्तरांचं, फक्त त्यांचा स्वतःचा फोटो अध्यक्षबाई वाचत. म्हणजे चूक सुधारणं हे मास्तरांचंच काम होतं. त्यांनी क्षणभर विचार केला. गाडी शिकवतो आणि याला साधी टेप वाचता येत नाही. त्याने स्वतःच्या हाताने सत्तावन्न लिहिलंय, तर आपण कोण वाढवून देणारे? त्यांनी वहीत सत्तावन्न लिहिलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या पोटात गार वाटलं.

शेवटच्या रविवारी मास्तर तीन सेंटिमीटरने पुढे होते. त्या दिवशी त्यांना लागला एकसष्टचा मासा. ते परत येऊन धक्क्यावर उभे राहिले आणि एकेक होडी मोजू लागले, पण डोळे एकाच होडीकडे. साडू आला तो हसत. मास्तरांनी फोटो पाहिला, तर त्रेसष्ट. त्यांनी बेरीज तीनदा केली. मास्तर एका सेंटिमीटरने जिंकले होते.

पंक्चरवाल्याने शिट्टी मारली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "चला, देवाने ऐकलं एकदाचं." आणि साडूने काय करावं? मास्तरांना कमरेत धरून सरळ उचललं आणि सगळ्यांना दाखवलं. मास्तर वर हवेत, पाय लोंबकळत. हा का एवढा खूश झालाय, हेच त्यांना कळेना. हरलेल्या माणसाने जरा तरी तोंड पाडावं की नाही?

चषक पुढच्या रविवारी द्यायचा होता. सोमवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मास्तरांनी फळी कापायच्या टेबलावर घेतली. जिंकलेली फळी घासूनपुसून दुकानात आरशाच्या वर टांगायची, असं त्यांच्या मनात होतं. चौदा वर्षांचं पिवळं पडलेलं व्हार्निश त्यांनी चिंधीने घासून काढलं. ठोकळ्याच्या खाचेत मळ साचला होता, तो सुईने कोरला. आणि त्यांचा हात थांबला.

ठोकळ्याला लागून टेपवर शून्य हवं. तिथे एक होता.

शिंप्याच्या टेपच्या टोकाला पितळी पत्रा असतो, तो पहिला तुटतो. म्हणून काही कोणी टेप टाकून देत नाही. एकाच्या खुणेवर ती साफ कापायची, एकापासून माप घ्यायचं आणि मनात एक वजा करायचा. जन्मभर मास्तरांचा हात तसाच चालत आलेला. सगळ्यांत पहिली फळी त्यांनी स्वतःसाठी केली होती, दुकानातल्या अशाच तुटक्या टेपची. बाकीच्या फळ्यांना नव्या टेपा. तेव्हा फोटो नव्हते. मासा मोजून मास्तर स्वतः वहीत आकडा लिहीत, आणि न सांगता एक वजा होई. सहा वर्षांपूर्वी फोटो आले. फोटोत जे दिसेल तेच अध्यक्षबाई लिहिणार. त्यांना काय ठाऊक, शिंपी मनात काय वजा करतो? आणि शिंपी ते साफ विसरून गेला.

म्हणजे या वर्षी सहा मासे, सहा सेंटिमीटर. एकाने जिंकलेले मास्तर खरं तर पाचने हरले होते.

आणि मग त्यांना तो फोटो आठवला. फोन काढून त्यांनी मागे मागे जाऊन तो शोधला. मास्तरांची फळी, शेपटी अठ्ठावन्नावर, आणि खाली, '५७ धरा, मास्तर.' गाडी शिकवणाऱ्याला टेप वाचता येत होती. त्याने ठोकळ्यापाशीसुद्धा वाचली होती. स्वतःचा एक प्रामाणिकपणे वजा केला, मास्तरांच्या सहांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. उलट त्या एकसष्टसाठी मास्तरांना उचलून हवेत धरलं.

"भाऊजींचा फोन आला होता," मशीनवरून बायको म्हणाली. "तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झालाय. म्हणाले, मास्तरांना मिळायलाच हवा होता."

मास्तरांच्या अंगाची लाहीलाही होत होती.

कोणाला कळणार नव्हतं. नवी टेप चिकटवली की झालं. चौदा वर्षं राबल्यावर चषकावर एकदा आपलं नाव यावं, यात काय पाप? मंगळवार, बुधवार त्यांनी असाच काढला. पण साडूला माहीत होतं. चषक आरशाशेजारी ठेवायचा, आणि साडू आला की तो चषकाकडे बघून गालातल्या गालात हसणार. दिला म्हणून मिळाला. मासे त्याचे, मित्र त्याचे, आणि आता मनाचा मोठेपणाही त्याचाच? तेवढं मास्तरांना सोसवेना. प्रामाणिकपणा वगैरे नंतर, खरं कारण हे होतं.

रविवारी पत्र्याच्या खोलीत सगळे जमले. अध्यक्षबाईंनी चषक उचलला, तेवढ्यात मास्तर फळी घेऊन पुढे झाले.

"चषक माझा नाही," ते म्हणाले. "माझी फळी एक सेंटिमीटरने खोटी आहे. टेप एकापासून लागलीये. चूक माझी. साडूभाऊ पाचने जिंकलेत."

डॉक्टरांनी फळी हातात घेतली, ठोकळ्यापाशी बोट ठेवलं. "कधीपासून, मास्तर?"

"फोटो आल्यापासून. सहा वर्षं."

"म्हणजे सहा वर्षं फुकटचा सेंटिमीटर घेऊनही तुम्ही कधी जिंकला नाहीत?"

पहिला पंक्चरवाला हसला, मग सगळी खोली. पण ते हसणं वेगळं होतं. लोक उठून मास्तरांपाशी आले. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी हात हातात घेतला. अध्यक्षबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या की कोणी बघत नसताना स्वतःची फळी खोटी म्हणणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नाही. डॉक्टरांनी तिथल्या तिथे सुचवलं की ही फळी क्लबातच टांगायची, मास्तरांच्या नावासकट, चषकाच्याही वर. सगळ्यांनी हात वर केले. बायको दारात उभी होती. दोन वर्षांत तिने मास्तरांकडे असं पाहिलं नव्हतं.

साडूच्या हातात कोणीतरी चषक दिला होता. तो घेऊन तो खिडकीपाशी उभा होता, एकटा. त्याच्याभोवती कोणी नव्हतं. त्याने लांब बाही वर सारली, ती परत खाली आली.

गर्दी पांगल्यावर तो मास्तरांजवळ आला. हसला, पण नेहमीसारखं नाही.

"मास्तर, एक बोलू?"

"बोला की, साडूभाऊ."

"मला तिसऱ्या रविवारीच कळलं होतं. मुद्दाम गप्प बसलो, तुमच्यासाठी." त्याने चषक या हातातून त्या हातात घेतला. "एवढं सगळं सांगितलंत, तर तेवढंही सांगायचं होतंत त्यांना."

मास्तरांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. दोन वर्षं रोज सकाळी दात घासताना आरशात त्यांना जो चेहरा दिसायचा, तोच होता.

"विसरलो," मास्तर म्हणाले.