अश्रफियातल्या रद्द मागण्या

रनीमची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, आणि ती होणार की नाही हे अश्रफिया वस्तीच्या चढावर ठरणार होते.

अम्मानमध्ये घरोघर गॅस पोहोचवणाऱ्या एका कंपनीत ती बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून उमेदवारी करत होती. धंद्यात कुठे काय अडते ते लोकांकडून समजून घ्यायचे, नेमक्या शब्दांत मांडायचे आणि काय बदलावे ते सुचवायचे, असे हे काम. कंपनीच्या गाड्या नेहमीप्रमाणे धून वाजवत गल्लोगल्ली फिरत. सज्जातून कुणी हाक मारली की सिलिंडर वर जाई. त्याच गाड्यांसाठी कंपनीने आता फोनवर अ‍ॅपही आणले होते. थंडी पडली, घराघरांत गॅसच्या शेगड्या पेटल्या आणि मागण्या वाढल्या. अश्रफियात मात्र अ‍ॅपवरच्या जवळजवळ निम्म्या मागण्या रद्द होत.

व्यवस्थापक मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, घस्सान यांनी तिला बोलावून स्पष्टच सांगितले, "महिनाअखेरपर्यंत कारण शोध, बेटी. नाही सापडलं तर तिथलं अ‍ॅप बंद करू. मग तुझ्यासाठीही इथं काम उरणार नाही."

रनीम घाबरली नाही. माणसांना बोलते करणे ही तिची हातोटी होती, आणि एवढ्या भांडवलावर हा पेशा निभावतो अशी तिची खात्री होती. शेजारच्या टेबलावर बसून दिवसभर आकडे चाळणाऱ्या सुहैबशी तिचे यावरूनच रोज वाजत असे.

"तू घरोघरी कॉफी पीत फिरतेस, त्याला काम म्हणतात होय?" तो म्हणे.

"आणि तू खिडकीसुद्धा उघडत नाहीस. तुला गल्ली काय कळणार?"

पण त्याच आठवड्यात सुहैबला रियाधमध्ये नोकरी लागली. टेबल आवरता आवरता तो म्हणाला, "माझं म्हणणं, चालक उशिरा पोचतात. पण ते तपासायला आता मी नाही. दोन संध्याकाळी बस माझ्याजवळ, थोडं शिकवतो."

"मला कशाला? आकडेमोड तुझं काम."

"होतं," सुहैब म्हणाला. "रविवारी मी रियाधला."

रनीमने ते हसण्यावारी नेले आणि अश्रफिया गाठले. ती जिने चढली, दारे ठोठावली, आणि प्रत्येक दारी तिचे स्वागत झाले. कुणी मरमियाची सुगंधी पाने घातलेला चहा दिला, कुणी खजूर भरलेली मअमूल बिस्किटे पुढे केली. "तुमची सेवा फार छान, हबीबती. अल्ला तुम्हाला बळ देवो," हे शब्द तिने घरोघर ऐकले. तिथेच राहणाऱ्या तिच्या सख्ख्या मावशीनेही, खाला इस्मतनेही, तेच सांगितले. हे सारे तिने व्यवस्थित लिहून घस्सान साहेबांसमोर ठेवले.

त्यांनी ते वाचून चष्मा काढला. "म्हणजे सगळे खूश आहेत आणि निम्मे मागण्या रद्द करतात. खुशीच्या भरात करतात का गं?"

रनीमचा चेहरा पडला. दारी आलेल्या पाहुण्याला तोंडावर वाकडे बोलायचे नाही, ही अश्रफियाची रीत. स्वतः त्याच रीतीत वाढूनही रनीम ती विसरली होती. त्याच संध्याकाळी ती सुहैबच्या घरी गेली.

"उशीर केलास," अर्धवट भरलेली बॅग बाजूला सारत तो म्हणाला. "बस. प्रश्न तू विचारायचा. तो आकड्यांच्या भाषेत कसा विचारायचा, तेवढं मी दाखवतो."

पहिली संध्याकाळ चुका करण्यातच गेली. दुसऱ्या संध्याकाळी रनीमने विचारले, "लोक रद्द करतात, त्या वेळी आपली गाडी कुठं असते?" मागणीच्या नोंदी आणि गाडीचा माग तिने स्वतःच्या हाताने जोडले. उत्तर पाहून सुहैबही पुढे सरकला. वाट पाहून कंटाळल्यावर कुणी रद्द करत नव्हते. गाडी नेमकी त्यांच्या गल्लीत शिरली की करत होते.

"म्हणजे उशिराचं काही नाही," तो म्हणाला. "चालकाचं तोंड बघून घाबरतात वाटतं!"

"थांब. हाक मारून होणारी सुटी विक्री कुठं नोंदली जाते?"

"ती वेगळीकडे. चालक नोंदवतात. मी कधी उघडलीच नाही, कुणी विचारलं नव्हतं."

तिने तीही जोडली. जिथे मागणी रद्द झाली, त्याच गल्लीत, त्याच सुमारास, त्याच गाडीतून एक सिलिंडर सुटा विकला गेला होता. एकदा नव्हे, ओळीने.

"सुहैब, आपलंच गिऱ्हाईक आपल्याच गाडीतून..."

"उडी मारू नकोस. दोन्ही गोष्टी एका वेळी झाल्या, एवढंच आकडे सांगतात. का झाल्या, ते मला विचारू नकोस. मी खिडकी उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रनीम खाला इस्मतच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. या खेपेस तिने एकही प्रश्न विचारला नाही. मावशीने अ‍ॅपवरून सिलिंडर मागवला आणि भेंडी चिरायला घेतली. थोड्या वेळाने गल्लीत धून वाजू लागली. मावशी सुरी टाकून सज्जात धावली.

"ए अबू तय्सीर! एक वर आण!"

अबू तय्सीर धापा टाकत जिने चढला, भरलेला सिलिंडर ठेवला, रिकामा खांद्यावर घेतला आणि पैसे घेऊन उतरला. मावशीने हात पुसले, फोन उचलला आणि मागणी रद्द केली.

"खाला! हे काय केलंस?"

"अगं, अ‍ॅपवाला कधी येईल देव जाणे. हा दारात आलेला. आता त्या बिचाऱ्याला फुकटचे जिने कशाला चढायला लावू? म्हणून लगेच रद्द करते मी. माणुसकी म्हणून."

"मग मी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू कंपनीकडून आली होतीस! तुझ्या तोंडावर कसं सांगणार?"

एवढ्यात खालून अबू तय्सीरचा वैतागलेला आवाज आला. मावशी सज्जातून वाकली. "काय झालं रे?"

"काय व्हायचं! याच बिल्डिंगमधला कुणी रामी आहे. दर वेळी मागवतो आणि मी आलो की रद्द करतो. जीव नुसता विटलाय!"

"कोण हा निर्लज्ज रामी?" मावशी कडाडली. मग तिचा हात हळूच तोंडावर गेला. रामी तिचा मुलगा. कुवेतला जाताना त्यानेच तिच्या फोनवर स्वतःच्या नावाने अ‍ॅप घालून दिले होते.

रनीम भिंतीला टेकून हसत खालीच बसली. "खाला, तुझा अ‍ॅपवाला आणि अबू तय्सीर, एकच माणूस!"

"हाय अल्ला," मावशी पुटपुटली. मग खाली ओरडली, "अबू तय्सीर! वर ये, कॉफी टाकते. रामी माफी मागतोय!"

रनीमने आणखी चार घरांत असेच बसून पाहिले. तीन घरांत तोच प्रकार घडला. मग ती आकडे आणि गल्ली दोन्ही घेऊन घस्सान साहेबांपुढे उभी राहिली. ऐकता ऐकता ते आधी गंभीर झाले, मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि शेवटी त्यांना रुमाल काढावा लागला.

"म्हणजे गिऱ्हाईक कुठं गेलंच नाही!"

"नाही, साहेब. सिलिंडरही पोचला. आता गाडी गल्लीत वळली की गिऱ्हाइकाच्या फोनवर चालकाचं नाव दिसू दे, आणि हाक आली की चालकाने आधी विचारावं, अ‍ॅपवर मागवलंय का?"

तसे करून पाहिले, आणि पंधरवड्यात रद्द मागण्या नावापुरत्या उरल्या. घस्सान साहेबांनी नेमणुकीचा कागद तिच्यापुढे सरकवला. "आता सुहैबच्या जागी कुणी नको. तुलाच सगळं येतं."

रनीमने पेन उचलले, पण सही करण्याआधी ती बोलली. "नको, साहेब. ती जागा भरा. आकड्यांना नीट प्रश्न विचारता येणं मला हवंच, त्याशिवाय मी आंधळी होते. संध्याकाळच्या वर्गात नावही घातलंय. पण सगळी उत्तरं मीच काढत बसले तर अश्रफियात कोण जाणार?"

"आणि नुसतीच अश्रफियात जात राहिलीस तर?"

"तर कॉफी फार छान मिळते, साहेब."

तिने सही केली. बाहेर दाराला कान लावून बसलेल्या साऱ्या कचेरीने एकदमच आनंदाची मिठाई म्हणून कुनाफा मागितला, तोही चीज भरलेला नाबलसी, आणि गरम.