अंबूबाई घर बघायला निघाल्या

मखमलाबादच्या अंबूबाईंनी आयुष्यात कधी वरची जुडी उचलली नाही. चाळीस वर्षं त्यांनी नाशिकच्या बाजारात मेथी, कोथिंबीर आणि शेवंती विकली. माल कमी पडून दुसऱ्याकडून घ्यायची वेळ आली, की त्या कोपरापर्यंत हात पाटीत खुपसायच्या आणि तळाची जुडी ओढून बघायच्या. वरचा थर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती; त्या स्वतःही तसाच थर लावत.

२००३ सालच्या दिवाळीनंतर त्या न्हाणीत घसरल्या. खुबा मोडला, आत पट्टी बसली, आणि आता एकट्यानं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. एकुलती एक लेक ललिता सिडकोत राहायची, शाळेत शिकवायची. तिनं आईला घरी आणलं. जावई मनोज इतका भला, की त्यानं स्वतःची खोली रिकामी करून दिली.

पण अंबूबाईंचा पीळ जुना. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, अशा वळणात त्या वाढलेल्या. भाकरी अर्धी खायच्या आणि हात धुवायच्या. आणखी वाढायला गेलं की म्हणायच्या, "पोट भरलं गं." दोन महिन्यांत त्यांच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या. ललिता चिडली, रडली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अंबूबाईच म्हणाल्या, "लले, तुझ्यात काय खोट नाय. पण मी इथं पाव्हणी हाय. पाव्हण्याला भूक लागत नसती."

तेव्हा कुठे ललिताच्या डोक्यात प्रकाश पडला. आईला स्वतःचं घर हवं होतं. ते मिळालं नाही, तर ती अशीच तिच्या डोळ्यांदेखत झिजत जाणार होती. वृद्धाश्रम हा शब्द उच्चारताना ललिताची जीभ अडखळली. अंबूबाई मात्र लगेच काठी घेऊन उठल्या. "चल, बघून येऊ. पण पसंत मी करणार."

पहिलं ठिकाण गंगापूर रोडला. संगमरवरी फरशी, कारंजं, भिंतीवर सुविचार. ललिता तर बघताक्षणी खूश. व्यवस्थापक प्रार्थनेची खोली दाखवत होते, टीव्हीची खोली दाखवत होते, आणि अंबूबाईंनी विचारलं, "मागचं दार कुठं हाय?"

मागच्या अंगणात दोरीवर एकाच रंगाचे वीस गाऊन वाळत होते. खाली बाकावर म्हाताऱ्या बसलेल्या, सगळ्यांचे केस पोरांसारखे कापलेले. विंचरायचा ताप नको ना. अंबूबाईंनी एकीला नाव विचारलं. तिनं शेजारी उभ्या असलेल्या आयाकडे पाहिलं, आणि आयानं सांगितलं, "या सात नंबरच्या."

अंबूबाई आल्या पावली वळल्या. रिक्षात ललिता कुरकुरली, "आई, किती स्वच्छ होतं सगळं."

"लय स्वच्छ," अंबूबाई म्हणाल्या. "बाईचं नावसुदीक पुसून काढलंय."

दुसऱ्या ठिकाणी सकाळी अकरा वाजता सगळे झोपलेले होते. किती शांत आहे, असं ललिता म्हणून गेली, आणि मसणात बी शांतच असतं, असं उत्तर तिला तिथल्या बाईंसमोरच ऐकावं लागलं.

तिसरं घर निफाडच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध. मंगलाबाई नावाच्या निवृत्त नर्सनं अकरा म्हाताऱ्यांसाठी चालवलेलं. फाटकापाशीच आतलं भांडण ऐकू आलं. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, ते कुणी घातलं यावर दोघींची जुंपली होती. ललिताला कुठे तोंड लपवू असं झालं. अंबूबाईंची काठी मात्र पहिल्यांदाच भराभर पडायला लागली.

मागच्या पडवीत चौघी मेथी निवडत होत्या. अंबूबाईंनी एक काडी उचलली. "ही फुलावर आलीय. येवढी ठेवली कुणी रानात?"

घरामागे अर्धा एकर भाजी होती. माळी सहादू ती लावायचा चांगली, पण अकरा म्हाताऱ्या खाणार किती? उरलेली जून व्हायची आणि गुरांपुढे जायची.

"तुम्ही कोण विचारणाऱ्या?" कळवणकडच्या विठाबाई खाटेवरूनच कडाडल्या. घरातल्या सगळ्यांत जुन्या त्या.

"अजून कुणी नाय. राहायला यावं म्हणते."

मंगलाबाईंनी रीत सांगितली. आठ दिवस राहून बघायचं. मग ठेवायचं की नाही ते या अकराजणी ठरवतात, मंगलाबाई फक्त सही करतात. मागच्या वर्षी दोघींना त्यांनी परत पाठवलं होतं.

ललिता घाबरली. आईची जीभ तिला ठाऊक होती. निघताना ती हळूच म्हणाली, "आई, आठ दिवस जरा गप्प राहा."

"गप्प राहायचं असतं तर तुझ्याकडं काय वाईट होतं?" अंबूबाई म्हणाल्या.

सहाव्या दिवशी शाळेच्या ऑफिसात फोन आला. मंगलाबाईंचा आवाज खरखरत होता. "तुमच्या आईंनी इथं काय मांडलंय, ते एकदा येऊन बघा." पुढे लाइन कटली.

ललितानं अर्धी रजा टाकली आणि निफाडची एस.टी. पकडली. वाटभर ती माफीची वाक्यं जुळवत होती. आईला परत न्यावं लागणार. मग पुन्हा ती अर्धी भाकरी, नाहीतर ते गाऊन आणि तो नंबर. तिला आईचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

घराला कुलूप. माळ्याच्या खोपटात सहादूची बायको होती. ती म्हणाली, "समद्या बाजारात गेल्या. हे घेऊन गेलेत टॅक्टरनं."

आठवडे बाजार गच्च भरला होता. ललिता घाबरीघुबरी शिरली, आणि कोथिंबिरीच्या ढिगांपाशी तिचे पाय थांबले. गोणपाटावर नऊवारी, पाचवारी नेसलेल्या अकरा म्हाताऱ्या ओळीनं बसल्या होत्या. कुणी जुड्या बांधतंय, कुणी पाणी शिंपडतंय. खाटेवरून न उठणाऱ्या विठाबाई घसा बसेपर्यंत ओरडत होत्या, "घ्या, ताजी मेथी घ्या." आणि मधे उलट्या क्रेटवर, पाय लांब करून, अंबूबाई. एक गिऱ्हाईक जुडी चाळवत होतं, त्याला त्या म्हणाल्या, "दादा, तळातली काढून बघ. समदी सारखीच हाय."

मंगलाबाई मागे पिशव्या धरून उभ्या होत्या. ललितानं हात जोडले. "माफ करा. मी आजच घेऊन जाते तिला."

"कुठे घेऊन जाता? काल जेवतानाच ठरलं. अकराच्या अकरा हात वर. विठाबाईंचा सगळ्यात आधी. म्हणाल्या, ही बाई भांडते चांगली, हिला सोडू नका." मंगलाबाई हसल्या. "दोन वर्षांत विठाबाई न्हाणीच्या पुढे गेल्या नव्हत्या हो. म्हणून तर म्हटलं, येऊन बघा."

ललिताला तिथंच, भर बाजारात, रडू फुटलं. अंबूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन जुड्या तिच्या हातात कोंबल्या. "रडतेस काय? बांध."

दुपार कलताना मोकळ्या पाट्या घेऊन ट्रॅक्टर परतला. पंगत बसली. अंबूबाईंनी एक भाकरी संपवली, दुसरी मागून घेतली आणि तिच्यावर ठेचा वाढायला लावला. ललिता स्वतःचं ताट विसरून आईच्या हाताकडे बघत राहिली.

ती निघाली तेव्हा अंबूबाईंनी तिला उंबऱ्यातच अडवलं. "थांब. लेक माहेराहून अशी जात नाय."

विठाबाईंनी हळद-कुंकू आणलं. कुणी सुपात तांदूळ घेतले, कुणी खण शोधला, कुणाला नारळ सापडेना म्हणून पुन्हा भांडण झालं. मग अकराजणींनी एकामागून एक ललिताची ओटी भरली. शेवटची ओंजळ अंबूबाईंची.

"जावईबापूंना निरोप सांग," काठीवर रेलून त्या म्हणाल्या. "यंदाच्या दिवाळीला इकडं यायचं. सासूच्या घरी."