खोकला थांबला

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला शिकवायचा भारी कंटाळा. हाताला सवय असली की तोंड कशाला झिजवायचं, असं तिचं म्हणणं. तरी नव्या मुलींची तुकडी तिच्याच गळ्यात पडली, आणि त्यात एक अशी निघाली की वाक्य संपायच्या आत तिचं ‘का?’ तयार. मैत्रिणींनी तिचं नावच का-बाई ठेवलं होतं.

त्या दिवशी धडा होता अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला पाणी पाजण्याचा. ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे, एकेक चमचा, आणि खोकला आला की थांबायचं. सिस्टरने एका दमात सांगून टाकलं. तिच्या आईला झटका आला तेव्हा भावजयीलाही तिने हेच सांगितलं होतं, तेही कामावर निघताना, चपला घालता घालता. भावजय बिचारी शब्दाला जागणारी. आधी आई घोटाघोटाला खोकायची. गेल्या आठवड्यापासून खोकला थांबला, आणि आई सुधारतेय म्हणून आज सिस्टर सकाळपासून वॉर्डभर सांगत सुटली होती.

“पण सिस्टर, खोकला येतोच का?” का-बाईने विचारलं.

सिस्टर मनातून वैतागली. तरी मुलींना कळावं म्हणून स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवू लागली. ही अन्नाची वाट, ही श्वासाची. श्वासाच्या वाटेत पाणी शिरलं की घशाला ते टोचतं, म्हणून तो खोकून बाहेर फेकतो. मात्र झटक्याने जसा हात बधिर होतो तसा घसाही होतो.

“मग घशाला कळलंच नाही तर?”

“तर खोकला येणार नाही,” सिस्टर म्हणाली, “आणि पाणी गुपचूप फुप्फुसात जात राहील.”

बोट गळ्यावरच राहिलं. हे वाक्य तिने परीक्षेत घडाघडा लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. अर्थ आज लागला.

ओळखायचं कसं, हे का-बाईने विचारलंच. पाणी प्यायल्यावर आवाज ओला येतो, एवढं कसंबसं सांगून सिस्टर बाहेर पडली आणि तिने घरी फोन लावला.

भावजय खुशीत होती. आईंनी आत्ताच पेलाभर पाणी संपवलं, एकदाही खोकल्या नाहीत, अंग तेवढं जरा गरम लागतंय, असं म्हणाली. सिस्टरला तिच्यावर ओरडायचं होतं, पण कुठल्या तोंडाने? तिने फोन आईकडे द्यायला सांगितला.

“जेवलीस का गं?” आईने विचारलं.

शब्द रोजचेच होते. त्यांच्यामागे घशात पाणी खुळखुळत होतं.

सिस्टरने फोन परत भावजयीकडे मागितला. आता एक थेंबही देऊ नकोस, ताठ बसवून ठेव, मी ॲम्ब्युलन्स पाठवतेय, असं तिला सांगितलं.

“ताई, माझं काही चुकलं का?”

“नाही गं,” सिस्टर म्हणाली. “तू मी शिकवलं तसंच केलंस.”