उघडा पाइप

करी रोडच्या टॉवरमध्ये राहायला आल्यापासून रमाकांत परब अकराला आंघोळ करत. मुलगा धनेश आणि सून मेघना आठच्या आत बाहेर पडत, मग घरात ते एकटेच. एका संध्याकाळी लाइट बिल हातात घेऊन धनेश म्हणाला, "बाबा, गिझर दिवसभर चालू राहतो तुमच्याकडून. जरा लक्ष ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून रमाकांत गार पाण्याने आंघोळ करू लागले. जानेवारी होता.

दोन आठवड्यांनी मेघना रजेवर घरी होती. सासरे कुडकुडत बाथरूममधून बाहेर आले तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"बाबा, गार पाण्याने? गिझर तर चालू आहे."

"तो तुमीच चालू ठेवून जातास. मी आता हात लावत नाय."

खरंच होतं, घाईत बटण मेघनाकडूनच चालू राहायचं. ती बाथरूममध्ये गेली. कोणी नळ सोडला नव्हता, तरी थोड्या वेळाने गिझरचा लाल दिवा आपोआप लागला. टाकीतून खिडकीकडे गेलेल्या पाइपला तिने बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं.

मागून रमाकांत म्हणाले, "आमच्या मिलात बॉयलरच्या पायपाक जाड दोरी गुंडाळीत. उघडो पायप म्हणजे भिंत तापवणां."

दुपारी दोघं लालबागला जाऊन पाइपवर चढवायची फोमची काळी नळी घेऊन आले. मेघनाने मेन स्विच बंद केला. पाइप निवल्यावर रमाकांतनी नळी कापून, चढवून, टेपने घट्ट बांधली. वायरीच्या झाकणाला हात लावला नाही. मेघनाने गिझरचा तापमानाचा काटा थोडा खाली आणला. सकाळी दोघांच्या आंघोळी झाल्या की बाबांसाठी टाकी एकदा तापू द्यायची आणि बटण बंद करूनच निघायचं, असं ठरलं.

रात्री जेवताना तिने धनेशला सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"बाबा, मला सांगायचं ना."

"तू इचारलंस खंय? नुसता सांगितलंस."

"चुकलंच माझं," धनेश म्हणाला. रमाकांतनी आमटीची वाटी त्याच्याकडे सरकवली.

सकाळी निघताना बटण धनेशनेच बंद केलं. अकराला रमाकांतनी नळ सोडला, तेव्हा पाणी चांगलं कढत होतं. गार पाण्याचं विसण घालावं लागलं. त्या दिवशी त्यांनी अंगाला साबण दोनदा लावला.